नाव फळाचे, माल कशाचा?

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या धाकट्या भावाच्या मुलाने आमच्याच कापड दुकानाचा पुढचा अर्धा गाळा मागून घेतला आणि तेथे थंड पदार्थांचा काउंटर टाकला. लग्नसराई सोडली तर उन्हाळ्याच्या दुपारी कापडाची गिऱ्हाइकी थंडच असते. तेव्हा थंड पडलेल्या दुकानात थंड माल विकावा, असा त्याचा हिशेब. हिशेब चुकीचा नव्हता. पहिल्या पंधरा दिवसांतच पोरासोरांची रांग लागू लागली. काउंटरवर त्याने रंगीत फळा लावला होता: 'फ्रूट सॉर्बे, फ्रूट आईस्क्रीम, मँगो कुल्फी, गोला.'

एका संध्याकाळी एक बाई चार-पाच वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. मुलाने संत्र्याच्या डब्याकडे बोट दाखवले. बाईंनी विचारले, "यात दूध नाही ना, बेटा? याला दूध अजिबात चालत नाही." आमचा पुतण्या म्हणाला, "नाही खाला, हे सॉर्बे आहे. नुसते फळ आणि साखर." मुलाने दोन चमचे खाल्ले असतील नसतील, त्याचे ओठ सुजले, तोंडावर गांधी उठल्या आणि तो खोकू लागला. समोरच डॉक्टरांचा दवाखाना होता म्हणून निभावले. तासाभराने मूल हसत घरी गेले, पण तो तास कसा गेला हे आमचे आम्हांलाच ठाऊक.

रात्री आम्ही तो डबा उलटा करून वाचला. डब्यावर 'सॉर्बे' नव्हतेच, 'ऑरेंज शर्बेट' होते. खाली बारीक अक्षरांत घटकांची यादी आणि त्या यादीत दुधाचे घन पदार्थ, स्पष्ट छापलेले. माल पाठवणाऱ्याने काही लपवले नव्हते. आमच्या पुतण्याला सॉर्बे आणि शर्बेट ही एकाच वस्तूची दोन नावे वाटली आणि त्याने फळ्यावर जास्त फॅशनेबल नाव लिहिले, एवढेच. दुसऱ्या दिवशी त्या बाई दुकानासमोरून गेल्या. भांडल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. फक्त म्हणाल्या, "आम्ही विचारले होते."

कापडाच्या धंद्यात तीस वर्षे काढलेल्या माणसाला हे वाक्य फार लागले. टेरिकॉटचा तागा प्युअर कॉटन म्हणून विकणाऱ्याला आम्ही आयुष्यभर नावे ठेवली, आणि आमच्याच गाळ्यात तेच घडले. म्हणून आठवडाभर काउंटर बंद ठेवून आम्ही दोघांनी या मालाची जात, पोत आणि नावे समजून घेतली. आपल्या बांधवांपैकी पुष्कळजण हल्ली या धंद्यात उतरत आहेत. कोणी गोल्याची गाडी टाकतो, कोणी पार्लर काढतो, कोणी लग्नाच्या जेवणात थंड मिठाईचे कंत्राट घेतो. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेख.

एका आजोबाचे दोन नातू

घोटाळ्याचे मूळ शब्दात आहे. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले, त्यामुळे हा शब्द पाहताच ओळखीचा वाटला. अरबीत शीन, रे, बे या तीन अक्षरांचा धातू आहे, अर्थ 'पिणे'. त्यातूनच शरबत आला, मशरूब आला, आणि जिच्यापासून आपण दूर राहतो ती शराबही आली. तुर्कांकडे शरबतचे 'शेर्बेत' झाले. तेथून इटलीत 'सोर्बेत्तो' आणि फ्रान्समध्ये 'सॉर्बे' झाले. इंग्रजांनी हाच शब्द तुर्की-फारसीतून वेगळ्या वाटेने उचलला आणि त्याचे 'शर्बेट' केले. आपण ज्याला सिरप म्हणतो तो शब्दही याच घराण्यातला, अरबीतून लॅटिनमध्ये आणि तेथून युरोपभर पसरलेला.

म्हणजे आजोबा एकच, शरबत. पण नातवांच्या सवयी वेगळ्या. सॉर्बे दुधाला शिवत नाही. शर्बेट थोडे दूध घेते. अमेरिकेत तर हे कायद्यानेच ठरलेले आहे. तेथे शर्बेटमध्ये दुधाची चरबी किमान १ आणि कमाल २ टक्के असावी लागते. ब्रिटनमध्ये मात्र 'शर्बेट' म्हटले की मुले जिभेवर सुरसुरणारी आंबटगोड पूड मागतात, तिथे बर्फाचा संबंधच नाही. आणि आपल्या घरी शरबत म्हणजे ग्लासात ओतून प्यायचे पेय. एकाच शब्दाचे चार ठिकाणी चार माल! कापडात 'मलमल' किंवा 'खादी' या शब्दांचे जे हाल झाले, तेच इथेही.

थंडी कोठून आली?

पूर्वी थंडी ही डोंगरावरून आणायची वस्तू होती. सिसिली बेटावर एटना पर्वताचा बर्फ उतरवून आणत आणि त्यात फळांचा रस व साखर मिसळत. या बेटावर नवव्या शतकापासून अकराव्या शतकापर्यंत मुसलमानांची सत्ता होती, आणि ऊस व लिंबू वर्गातली फळे तेथे याच काळात रुजली. आपल्याकडे 'आईन-ए-अकबरी'त अबुल फजलने शोऱ्याने पाणी थंड करण्याची रीत दिली आहे आणि डोंगरातून लाहोरला बर्फ येत असे हेही नोंदवले आहे.

खरी किल्ली मिळाली ती बर्फात मीठ घालण्याची. नुसत्या बर्फाने पाणी गार होते, पण रस गोठत नाही. बर्फात भरपूर मीठ घातले की ते मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते, आणि त्यात बुडवलेल्या भांड्यातला रस गोठतो. सतराव्या शतकाच्या अखेरीस नेपल्समध्ये अंतोनिओ लातिनी याने आपल्या पाकशास्त्राच्या ग्रंथात सोर्बेत्तोच्या कृती छापल्या. सिसिलीचाच फ्रान्सिस्को प्रोकोपिओ याने १६८६ साली पॅरिसमध्ये उघडलेले कॉफीगृह आजही त्याच्याच नावाने ओळखले जाते. १८४३ साली अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन या बाईंनी हाताने फिरवायच्या आईस्क्रीम-यंत्राचे पेटंट घेतले. आपण त्याला संचा म्हणतो. बाहेर लाकडी पिंप, आत धातूचे भांडे, मध्ये बर्फ व मीठ. मुंबईच्या बोहरी मोहल्ल्यात १८८७ पासून चालत आलेले ताज आईस्क्रीम हे संच्यावरच्या फळांच्या आईस्क्रीमसाठी प्रसिद्ध आहे. तेव्हा हा हुन्नर आपल्याला परका नाही. परकी आहेत ती नवी नावे.

माल ओळखण्याचे तीन प्रश्न

कापड घेताना आम्ही तीन गोष्टी पाहतो: सूत कशाचे, वीण कशी, आणि खळ किती. गोठवलेल्या फळ-मिठाईलाही हेच तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न, दूध आहे की नाही? हे झाले सूत. पाणी, साखर आणि फळ एवढेच असेल तर तो एक घराणा. दूध, दही, साय किंवा वनस्पती तेल आले की दुसरा घराणा.

दुसरा प्रश्न, गोठताना ढवळले की नाही? ही झाली वीण. साखरेचे पाणी गोठू लागले की त्यात बर्फाचे स्फटिक बनतात. न ढवळता ठेवले तर स्फटिक मोठे होतात आणि दगडासारखी कांडी बनते. अधूनमधून खरवडले तर रवाळ बर्फ होतो. सतत घुसळले तर स्फटिक इतके बारीक राहतात की जिभेला रेशमासारखे लागतात.

तिसरा प्रश्न, हवा किती? ही झाली खळ. खळ लावलेले कापड हाताला भरदार लागते, पहिल्या धुण्यात खरे अंग दिसते. आईस्क्रीम घुसळताना त्यात हवा शिरते. थोडी हवा हवीच, नाहीतर चमचा शिरणार नाही. पण हवा फुकट असते आणि आईस्क्रीम लिटरवर विकले जाते, ही गोष्ट घाऊक माल घेणाऱ्याने कधी विसरू नये. आपल्याकडच्या अन्न सुरक्षा नियमांनुसार एक लिटर आईस्क्रीमचे वजन किमान ५२५ ग्रॅम भरले पाहिजे. म्हणजे कायद्यात बसूनही डब्यातली जवळजवळ निम्मी जागा हवेची असू शकते. अमेरिकेच्या नियमांत आईस्क्रीमला लिटरमागे सुमारे ५४० ग्रॅम आणि शर्बेटला सुमारे ७२० ग्रॅम असे किमान वजन येते. तेव्हा दोन घाऊकवाल्यांचे भाव तोलताना डबा काट्यावर ठेवा. लिटरचा भाव स्वस्त आणि किलोचा भाव महाग, असा अनुभव पुष्कळदा येईल.

पाण्याच्या घराण्यातले

गोला: यात आधी बर्फ, मग चव. बर्फ किसून त्यावर सरबत ओततात. काला खट्टा, रोझ, कच्ची कैरी हे आपले जुने प्रकार. फळाचे नाव असले तरी पुष्कळदा फळाचा नुसता सुवास आणि रंगच असतो. कोकमाचे किंवा जांभळाचे खरे सरबत घरी करून ओतणारा गाडीवाला चार पैसे जास्त मागू शकतो, आणि गिऱ्हाईक ते देते. गोल्याचा जीव बर्फात आहे. महाराष्ट्रात २०१८ साली अन्न व औषध प्रशासनाने अखाद्य बर्फात निळा रंग घालण्याचा आदेश काढला तो याचसाठी. मासळीवर टाकायचा बर्फ ग्लासात जाऊ नये. बर्फ कोठून घेतला त्याची पावती जपून ठेवावी.

आईस कँडी: गोड रस साच्यात ओतून, काडी खोचून, न हलवता गोठवतात. हवा जवळजवळ नसते. आपल्या नियमांत या वर्गाला किमान १० टक्के साखरेची अट आहे. साखर कमी पडली तर कांडी दातावर आपटते. चोखताना गिऱ्हाईक आधी रस ओढून घेते आणि हातात पांढरा बर्फ उरतो, हेही कच्च्या कृतीचे लक्षण.

ग्रानिता: हा सिसिलीचा प्रकार. पसरट भांड्यात रस गोठवतात आणि गोठताना पुनःपुन्हा खरवडतात. नावातच दाणा आहे. लिंबू, बदाम, तुती असे स्वाद असतात आणि तिकडचे लोक उन्हाळ्यात सकाळी मऊ गोड पावाबरोबर खातात. ज्याच्याकडे महाग यंत्र नाही, पण डीप फ्रीझर आणि काटा आहे, त्याला हा प्रकार सहज जमेल.

सॉर्बे: तोच रस, पण यंत्रात सतत घुसळलेला. दूध नाही, साय नाही. सगळे कौशल्य साखरेच्या प्रमाणात. साधारणपणे एकूण मिश्रणात फळाची स्वतःची साखर धरून पाव ते तीस टक्के साखर असावी लागते. कारण साखर केवळ गोडीसाठी नसते. ती पाण्याचा गोठणबिंदू खाली ओढते. एक किलो पाण्यात ३४२ ग्रॅम साखर विरघळवली तर ते पाणी शून्याऐवजी उणे १.८६ अंशांच्या आसपास गोठू लागते. जसजसे पाणी गोठते तसतसा उरलेला पाक दाट होत जातो आणि काही भाग पातळच राहतो. म्हणूनच चमचा शिरतो. साखर कमी, तर वीट. साखर फार, तर चिखल. जुने कारागीर मिश्रणात धुतलेले अंडे सोडून पाहत. वर रुपयाएवढे टरफल दिसले की गोडी बरोबर समजत. आता गोडी मोजण्याचे छोटे उपकरण मिळते, ते घ्यावे. आंबा पिकावा तशी त्याची साखर बदलते. त्यामुळे 'दर वेळी इतके वाटी साखर' हा हिशेब सॉर्बेला चालत नाही.

येथेच इराणच्या फालुदेची आठवण येते. शिराझचे फालुदे म्हणजे स्टार्चच्या बारीक शेवया, साखरेचा पाक आणि गुलाबपाणी अर्धवट गोठवून, वर लिंबू पिळून खायचा पदार्थ. त्यात दूध नसते. आपल्याकडचा फालुदा मात्र दूध, सब्जा, शेवया आणि वर कुल्फी किंवा आईस्क्रीम असा. नाव तेच, घराणे दुसरे. दूध न चालणाऱ्या माणसाला एक चालेल, दुसरा नाही.

दुधाच्या घराण्यातले

शर्बेट: फळाचा रस, साखर आणि किंचित दूध. अमेरिकेच्या नियमांत यात फळाचेही किमान प्रमाण ठरलेले आहे: लिंबू-संत्रे वर्गातल्या फळांसाठी २ टक्के, बेरीसाठी ६ आणि इतर फळांसाठी १० टक्के. दुधामुळे रंग फिकट व पोत मऊ होतो. दिसायला सॉर्बेसारखे, आणि धोका नेमका यातच.

फळाचे आईस्क्रीम: आपल्या नियमांनुसार नुसते 'आईस्क्रीम' म्हणायचे तर दुधाची चरबी किमान १० टक्के हवी. त्याखाली अडीच टक्क्यांपर्यंत 'मीडियम फॅट' आणि त्याहून कमी असेल तर 'लो फॅट' असे लिहावे लागते. फळ घालताना अडचण पाण्याची. कच्च्या फळाचा तुकडा गोठून दातात बर्फासारखा लागतो. म्हणून कारागीर तुकडे साखरेत मुरवून घेतात. सीताफळाची गोष्ट आणखी वेगळी. त्याचा गर तापवला की कडवट होतो. म्हणून गर कच्चाच काढून लगेच गोठवतात आणि थंड मिश्रणात मिसळतात.

जिलातो: इटलीचे आईस्क्रीम. दूध जास्त, साय कमी, हवाही कमी, आणि थोड्या कमी थंडीवर वाढतात. त्यामुळे फळाची चव जिभेला लवकर कळते. इटलीत जिलातोच्या दुकानात फळाचे काही प्रकार दुधाविना केलेले असतात. म्हणून फळ्यावर 'जिलातो' असले तरी दुधाचा प्रश्न प्रत्येक स्वादासाठी वेगळा विचारावा.

फ्रोजन योगर्ट: दह्याला फळ आणि साखर घालून घुसळलेले. आंबटपणा दह्याचा असतो, फळाचा नव्हे. हलके म्हणून विकतात, पण साखर मोजून पाहावी.

मँगो कुल्फी: दूध आटवून, आंब्याचा रस घालून, साच्यात न घुसळता गोठवलेली. हवा नाही, म्हणून घट्ट आणि वजनदार. शंभर ग्रॅम कुल्फी डोळ्यांना छोटी दिसते, पण ती भरीव असते.

फ्रोजन डेझर्ट: यात दुधाच्या चरबीऐवजी किंवा तिच्याबरोबर खाद्य वनस्पती तेल असते. पाव्हण्याला ते आईस्क्रीमच वाटते. वस्तू बेकायदा नाही, वाईटही नाही. वेष्टनावर तसे लिहिले पाहिजे, एवढेच. २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयात यावरून मोठ्या कंपन्यांचा दावा चालला. फ्रोजन डेझर्टमध्ये वनस्पती तूप असते असे सुचवणारी जाहिरात दाखवण्यास न्यायालयाने मनाई केली. म्हणजे दुसऱ्याच्या मालालाही खोटे नाव देता येत नाही. मात्र दुकानदाराने फ्रोजन डेझर्ट आणून फळ्यावर 'आईस्क्रीम' लिहिले, तर ते टेरिकॉटला कॉटन म्हणण्यासारखेच आहे. या मालात दुधाचे घन पदार्थ असतात, हेही ध्यानात ठेवावे. वनस्पती तेल म्हटले म्हणजे दूध नाही, असे मुळीच नव्हे.

आपल्या गिऱ्हाइकांचे आणखी दोन प्रश्न

आपल्या मोहल्ल्यात धंदा करणाऱ्याला आणखी दोन प्रश्न विचारले जातात. पहिला जिलेटिनचा. मिश्रण घट्ट धरून ठेवण्यासाठी काही मालात जिलेटिन वापरतात. ते प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून बनते, आणि कोणत्या प्राण्याच्या हे वेष्टनावरून कळेलच असे नाही. आपल्याकडे हिरव्या ठिपक्याच्या मालात जिलेटिन चालत नाही. ग्वार गम, पेक्टिन यांसारखे वनस्पतीचे पदार्थ तेच काम करतात. ४७१ क्रमांकाचा घटक वनस्पतीचाही असू शकतो आणि प्राण्याचाही, तेव्हा परदेशी डब्यावर तो दिसला तर लेखी खुलासा मागावा. लाल रंगासाठी १२० क्रमांक असेल तर तो किड्यापासून काढलेला रंग होय.

दुसरा प्रश्न दारूचा. युरोपीय पद्धतीच्या काही सॉर्बेंत दारू घालतात. तीही गोठणबिंदू खाली आणते आणि माल मऊ ठेवते. मोठ्या हॉटेलात लग्नाचे कंत्राट देताना 'सॉर्बे आहे, फळाचेच' एवढ्यावर समाधान मानू नये. कृती विचारावी.

डबा, चमचा आणि पाणी

आता सर्वांत कामाची गोष्ट. दूध पचत नाही आणि दूध सोसत नाही, यात फरक आहे. ज्याला दुधातली साखर पचत नाही त्याचे पोट बिघडते. ज्याला दुधातल्या प्रथिनांची अॅलर्जी आहे त्याला चमच्याला लागलेला अंशही पुरतो. आमचे डॉक्टर म्हणाले, "चाचा, तुमच्या डब्यात दूध नसते, तरी तुमच्या चमच्यात होते." खरेच होते. आमचा पुतण्या सगळ्या डब्यांसाठी एकच चमचा वापरत होता आणि तो एकाच पाण्याच्या भांड्यात बुडवत होता. ते पाणी संध्याकाळपर्यंत दुधाळ होत असे. खरे सॉर्बे आणले असते तरी त्या चमच्याने ते खोटे ठरले असते.

म्हणून बिनदुधाच्या मालाला वेगळा चमचा, वेगळे पाणी आणि फ्रीझरमध्ये सर्वांत वरची जागा द्यावी. स्वतः माल बनवणाऱ्याने सकाळी धुतलेल्या यंत्रात आधी सॉर्बे काढावे, मग दुधाचा माल. वेष्टनबंद मालावर अॅलर्जीच्या घटकांची वेगळी ओळ असते, त्यात दूध आहे का ते प्रत्येक खेपेला वाचावे. कंपनी कृती बदलते, डब्याचा रंग तोच राहतो.

वीज गेली आणि माल विरघळला तर पुन्हा गोठवून विकू नये. साठवण उणे १८ अंशांवर हवी. एकदा विरघळून गोठलेला माल खरखरीत होतो, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे त्यात जंतू वाढलेले असू शकतात. नुकसान होते हे खरे. पण पाण्यात भिजलेला तागा वाळवून नवा म्हणून विकणाऱ्याचे काय झाले, हे बाजाराने पाहिले आहे.

कराचेही एक वाक्य. आईस्क्रीम आणि 'इतर खाद्य बर्फ' हा जीएसटीत एकच वर्ग आहे. त्याचा दर सप्टेंबर २०२५ मध्ये १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. मात्र २०१९ च्या अधिसूचनेने हा माल बनवणाऱ्यांना कंपोझिशन योजनेतून वगळलेले आहे. तेव्हा लहान कारखाना टाकणाऱ्याने 'कापडासारखेच असेल' असे समजून चालू नये, आधी करसल्लागाराला विचारावे. अन्नपरवान्याशिवाय तर पाऊलही टाकू नये.

फळा पुन्हा लिहिला

आठ दिवसांनी काउंटर उघडला. पुतण्याने विचारले, "बडे अब्बा, इतके सगळे फळ्यावर कसे लिहायचे? लोक वाचतील का?" आम्ही म्हटले, कापडाच्या किनारीवर मिलवाले चार शब्द छापतात, तेवढेच लिही. आता फळ्यावर प्रत्येक मालापुढे तीनच रकाने आहेत: 'दूध: आहे किंवा नाही', 'फळ: रस, गर किंवा नुसता स्वाद', आणि 'बनवणारा कोण'. गोल्याच्या रोझ आणि ऑरेंजपुढे 'नुसता स्वाद' लिहिले आहे. पुतण्याला भीती होती की ते वाचून कोणी घेणार नाही. पहिले आठ-दहा दिवस विक्री थोडी उतरलीही. मग माणसे फळ्यासमोर उभी राहून वाचू लागली आणि विचारू लागली. जांभळाच्या खऱ्या रसाचा गोला पाच रुपये महाग असूनही संपू लागला. संत्र्याचे शर्बेट आम्ही काढून टाकले नाही. माल चांगला आहे. ते आता आपल्या खऱ्या नावाने, 'दूध: आहे' असे लिहून विकले जाते.

त्या बाई मात्र पुन्हा आल्या नाहीत. येतील अशी आमची अपेक्षाही नाही. पण काउंटरवर कोणी 'यात दूध आहे का?' असे विचारले की आमचा पुतण्या आता तोंडाने उत्तर देत नाही. आधी डबा उचलतो, उलटा करतो, वाचतो आणि मग बोलतो.